पोरं काटक आहेत म्हणे!

दिवाळीची सुट्टी संपवून तुम्ही कॉलेजला परत येता तेव्हा रस्त्याच्या कडेचं चित्र बदललेलं असतं. बारामतीहून नीरेकडे निघालात तर माळेगाव, पणदरे, वडगाव निंबाळकर करत पार सोमेश्वरनगरपर्यंत, आणि इंदापूरच्या दिशेनं निघालात तर भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकीपर्यंत मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहिलेल्या दिसतात. बांबूच्या कांब्या, वर ताडपत्री नाहीतर पाचट, पुढं तीन दगडांची चूल, शेजारी बांधलेले बैल. उसानं भरलेल्या टायरगाडीमागं एसटी अडकते. पहिलं लेक्चर गेलं म्हणून तुम्ही वैतागता. तेवढ्यात गाडीवर मोळ्यांच्या शेंड्याला बसलेला सात-आठ वर्षांचा पोरगा दिसतो. थंडीत अंगात एक शर्ट, हातात उसाचं कांडं आणि तोंडभर हसू. आणि बसमधलं कुणीतरी म्हणतंच, ‘काय काटक पोरं असतात ना ही!’

आज या एका वाक्याबद्दल बोलायचंय. ते वाईट मनानं कुणी बोलत नाही, उलट कौतुकच असतं त्यात. पण हे कौतुक फार सोयीचं आहे. पोरं काटक आहेत म्हटलं की त्यांना थंडी वाजत नाही, शाळा बुडाल्याचं काही वाटत नाही, गाव सुटल्याचं दुःख होत नाही, असं आपण आपल्यापुरतं ठरवून टाकतो. मग बस पुढं निघते आणि आपणही.

कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडला तरी चालेल. पण पुण्या-मुंबईहून इकडं शिकायला आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे सहकारी कारखाने आहेत, खासगी वेगळे. त्यांचा ऊस तोडायला बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून, काही टोळ्या जळगाव-नंदुरबारकडूनही येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून पावसाळ्यातच ‘उचल’ घेतलेली असते आणि ती फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम कोपीत. ज्यांना मागं ठेवायला घरी कुणी नसतं ती मुलं सोबत येतात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, उसाचं वर्ष दिवाळीला. या दोन कॅलेंडरांचं भांडण त्या मुलांच्या अंगावर पडतं.

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सहावीतली. नाव तुम्हीच ठेवा.

तिच्या गावात तिला नावानं ओळखणारी किती माणसं असतील, मोजा. वर्गातल्या बाई. बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण. शेजारची काकू, जी तिला उन्हात हिंडताना बघून हाक मारते. किराणा दुकानदार, जो ‘आज शाळा नाही का गं?’ असं विचारतो. घरी थकलेली आजी. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. सहज वीस-पंचवीस होतील. यातल्या कुणीच तिच्यासाठी काही थोर केलेलं नाही, पण ती दोन दिवस दिसली नाही तर यांच्यापैकी कुणीतरी विचारतंच.

मग नोव्हेंबरात एके रात्री ट्रकमध्ये भांडी, सरपण, शेळी आणि ही. पहाटे सोमेश्वरच्या नाहीतर भवानीनगरच्या तळावर उतरली. आता पुन्हा मोजा. आई-वडील पहाटे तीन-चारला फडात जातात. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कारखान्यावर नंबरला उभं राहायचं. परत यायची वेळ ठरलेली नाही. टोळीत चुलते, मावश्या, गावकरी असतात. म्हणजे टोळी हा आधार आहेच, तो कमी लेखू नका. अर्ध्या रात्री कुणाच्या पोराला ताप आला तर शेजारच्या कोपीतलाच माणूस धावतो. पण त्या सगळ्यांच्या हातात दिवसभर कोयता असतो. जी माणसं तिची आहेत ती दमलेली आहेत आणि जी दमलेली नाहीत, म्हणजे तुम्ही-आम्ही, तिला ओळखत नाहीत.

या जागेवर तिच्या कडेवर धाकटा भाऊ येतो.

बेट हवाईचं, पण ऊस तोच

संकटात वाढूनही काही मुलं उभी कशी राहतात, हा प्रश्न मानसशास्त्रात बरीच वर्षं विचारला जातोय. त्यातलं एक काम आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी हाती घेतला. एकदा भेटून प्रश्नावली भरून घेतली आणि सोडून दिलं, असं नाही. ही मुलं वाढत गेली तसतशा त्यांच्या गाठी घेत राहिल्या, ती चाळिशीला येईपर्यंत. योगायोग बघा, त्या बेटावरची बरीच कुटुंबं ऊस आणि अननसाच्या मळ्यांवर राबायला आणलेल्या मजुरांची होती.

यातली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा एकाहून जास्त अडचणींत वाढत होती. त्यातली बरीचशी पुढं अडखळली. पण अशा मुलांपैकी तिसरा हिस्सा मात्र नीट उभा राहिला. शिकली, कामाला लागली, माणसांत रमली. का? त्यांचा स्वभाव, हे एक कारण होतं. काही बाळं मुळातच हसरी, पटकन माणसं जोडणारी असतात. पण पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट दुसरीच होती. या मुलांच्या आयुष्यात किमान एक तरी माणूस असा होता की ज्याच्याशी त्यांचं घट्ट नातं होतं, जो बदलत नव्हता. तो आई-बापच असेल असं नाही. आजी, मावशी, मोठं भावंड, शाळेतल्या बाई, शेजारी, कुणीही.

पुढं अॅन मास्टेन या अमेरिकन संशोधिकेनं २००१ मध्ये अशा सगळ्या कामांचा आढावा घेताना याला जे नाव दिलं त्याचा आपल्या भाषेत अर्थ होतो ‘साधीसुधी जादू’. म्हणजे संकटातून तरून जाणारी मुलं काही वेगळ्या मातीची नसतात. घर, शाळा, शेजार या रोजच्या यंत्रणा चालू असल्या की पोरं सावरतात. त्या मोडल्या की चांगलं धट्टंकट्टं पोरही कोलमडतं.

आता ‘काटक’ या शब्दाकडं परत या. काटकपणा पोराच्या अंगात असतो, असं आपण धरून चाललो होतो. पण त्याचा बराचसा भाग पोराच्या भोवती असतो, त्या वीस-पंचवीस माणसांत. ऊसतोडीच्या पोराचं नेमकं तेच दर दिवाळीला उपटून निघतं. उसाच्या खोडव्याला निदान मुळं जागेवर असतात हो, वरून कितीही तोडलं तरी पुन्हा फुटायला.

वर्नरबाईंच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या शहरी दयेला टोचते. तरून गेलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांवर लहानपणी घरातली काही जबाबदारी होती. धाकट्याला सांभाळणं, रांधायला मदत करणं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही जाणीव मुलाला बळ देते. तेव्हा कडेवर भाऊ घेतलेल्या त्या मुलीला बघून लगेच ‘अरेरे’ म्हणू नका. ती चांगली सांभाळते, तिला ते येतं आणि त्याचा तिला अभिमानही असतो. फक्त तासाभराची जबाबदारी वेगळी आणि पाच महिने, रोज, अंधारापासून अंधारापर्यंतची वेगळी. पहिलीत ती मोठी होते. दुसरीत तिची शाळा सुटते, मग शाळेची सवय सुटते, आणि चौदा-पंधराव्या वर्षी घरचे म्हणतात, नाहीतरी शिकत नाहीये, हिचं लग्न करून टाकू, म्हणजे एक कोयता वाढेल. लग्नाचं वय कायद्यानं अठरा आहे हे त्यांनाही माहीत असतं. पण कोपीत एकट्या राहणाऱ्या वयात आलेल्या पोरीची धास्ती कायद्यापेक्षा मोठी असते. ही धास्ती खोटी नाही, म्हणूनच नुसतं भाषण देऊन ती जात नाही.

कायदा आहे, पण दार कोण ठोठावणार?

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. एके काळी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा भरायच्या. २०१० च्या १ एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि ही मुलं जवळच्या नियमित शाळेतच जावीत असं धोरण आलं. विचार योग्यच होता, पोरांची वेगळी पंगत कशाला? गावी मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं काढायचा निर्णय झाला, तालुक्याला मुलांचं एक, मुलींचं एक. मूल गावातच राहिलं तर त्याच्या त्या वीस-पंचवीसांपैकी बरेच जण त्याच्याजवळच राहतात. म्हणून मला वाटतं, सगळ्यांत चांगला उपाय हाच. आजी आणि वसतिगृह.

पण जी सोबत येतात त्यांचं काय? इथं कायदा फार स्पष्ट आहे आणि तो तुम्हाला पाठ असला पाहिजे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. गावाकडच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड सोबत असेल तर मुलाला काय येतं हे इथल्या शिक्षकांना कळतं.

कागदावर सगळं नीट आहे. मात्र नोव्हेंबरच्या सकाळी तळावर येऊन ‘चल गं शाळेत’ म्हणणारं कुणी नसेल तर हा कायदा कोपीपर्यंत पोचत नाही. आई-बाप फडात. शाळा दीड-दोन किलोमीटरवर, वाटेत कालवा आणि भरधाव ट्रॅक्टर. धाकट्याला ठेवायचं कुठं? आणि शाळेत गेल्यावर? वर्गात शेवटचा बाक. ‘ऊसतोडीची पोरं’ हेच त्यांचं नाव. ज्याच्या रानात आई-वडील तोड करतायत त्याच्याच मुलाशेजारी बसायचं, हे आपण बसमधून बघतो तितकं सोपं नसतं. काही मुलांच्या घरी गोरमाटी बोलतात, काहींच्या घरी पावरी. पुस्तकातली मराठी त्यांना दुसऱ्यांदा परकी.

सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात यावर प्रयत्न झाले आहेत. टाटा ट्रस्टच्या साथीनं ‘आशा’ नावाचा प्रकल्प तिथं चालला, आणि पुढं ‘कोपीवरची शाळा’. नावातच सगळं आलं. पोरं शाळेपर्यंत येत नाहीत ना, मग शाळाच कोपीपाशी न्यायची. बाराखडी आणि पाढे त्यात आहेतच, पण मला त्यातलं मोल दुसरंच वाटतं. तळावर रोज ठरलेल्या वेळी एक माणूस येतो, पोरांना नावानं हाक मारतो आणि कोण आलं नाही ते विचारतो. म्हणजे गावात मागं राहिलेल्या त्या वीस-पंचवीसांतला एक जण इथं भेटतो.

तुमचे १२० तास

आता तुमच्याकडं वळू. तुमच्यापैकी बरेच जण एनएसएसमध्ये असतील. वर्षाला १२० तास काम करायचं असतं, बरोबर? नोव्हेंबर ते मार्च धरला तर हंगाम साधारण वीस आठवड्यांचा. म्हणजे आठवड्याला सहा तास. एका तळावर आठवड्यातून तीन संध्याकाळी, दोन-दोन तास. हिशेब अगदी बसतो! शिवाय सात दिवसांचं शिबिरही बऱ्याच कॉलेजांचं डिसेंबर-जानेवारीतच असतं, अशाच एखाद्या गावात. आपण काय करतो? गावाच्या वेशीवर झाडलोट, एक प्रभातफेरी, भिंतीवर एक घोषणा. गावापासून हाकेच्या अंतरावर कोप्या असतात आणि त्या ‘गावात’ धरल्या जात नाहीत, कारण त्यांचं मतदान इथं नाही. पुढच्या शिबिराच्या मीटिंगमध्ये एवढा एक विषय कुणीतरी काढा.

पण हे करायचंच असेल तर काही गोष्टी आधी बोलून घेऊ.

पहिली म्हणजे, दोन रविवार जाऊन तिसऱ्यापासून गायब होणार असाल तर जाऊच नका. खरंच सांगतो. ज्या पोराची माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात त्याला आणखी एक येऊन निघून जाणारं माणूस देणं हा आधार नाही. काउआईच्या मुलांना तारलं ते ‘न बदलणाऱ्या’ माणसानं. परीक्षा आली, सबमिशन आलं, तर तसं पोरांना आधी सांगा आणि परत कधी येणार तो वार सांगा. मग त्या वारी जा. त्यापेक्षा चार मित्रांनी मिळून वार वाटून घेतले तर उत्तम, एक जण अडकला तरी तळ रिकामा राहत नाही.

फोटोचं काय? काढू नका. केक, टोप्या, वाढदिवस आणि रील, हे सगळं तुमच्या स्टेटससाठी असतं. आणि जुने कपडे वाटायला जाऊ नका हो, निदान पहिल्या दिवशी तरी नको. ज्याच्याकडून आपण फक्त घेतो त्याच्याशी मैत्री होत नाही. उलट त्यांच्याकडून काहीतरी शिका. बैल गाडीला जुंपायचा कसा, वाढ्याची पेंढी कशी बांधायची, हे तिसरीतलं पोर तुम्हाला शिकवेल आणि तुम्ही चुकलात की मनापासून हसेल. तुम्हाला काहीतरी येत नाही हे बघून त्या पोराला जे वाटतं, ते कुठल्याही प्रेरणादायी भाषणानं वाटणार नाही.

काय शिकवायचं याचं फार टेन्शन घेऊ नका. वाचून दाखवा. त्याचं नाव त्याला नीट लिहिता येतंय का बघा. शाळेत नाव घातलेलं नसेल तर मुकादमाशी आणि आई-वडिलांशी बोला, जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, सोबत जा. बरेच मुख्याध्यापक आनंदानं नाव घालतात, त्यांना फक्त मूल कुठं आहे ते कळायला हवं असतं. मुलीचं लग्न ठरतंय, कुणाला मारहाण होतेय असं काही कानावर आलं तर स्वतः हिरो व्हायला जाऊ नका. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तो फिरवा आणि तुमच्या प्राध्यापकांना सांगा.

आणि हे वाचणाऱ्यांत एखादा असाही असेल, ज्याला हे सगळं सांगायची गरजच नाही. जो स्वतः कोपीत वाढला, मागं राहिलेल्या आजीपाशी नाहीतर वसतिगृहात शिकला आणि आता इथल्याच एखाद्या कॉलेजच्या होस्टेलवर आहे. बारामतीचा रस्ता तुला लहानपणापासून पाठ असेल, फक्त तेव्हा तू गाडीवर बसून तो बघत होतास. हे तू वर्गात सांगत नसशील, आणि सांगायलाच हवं असंही काही नाही. ‘एवढ्या हालातून वर आला’ छाप टाळ्या कुणाला हव्या असतात? पण तळावर गेलास तर तुला कोपीत वाकून शिरता येतं हे पोरांना पहिल्या मिनिटाला कळेल. तिथं मग तुला काही सांगावंच लागणार नाही. तुझ्या आयुष्यातलं ते एक माणूस कोण होतं, तेवढं मात्र आठवून बघ. बहुतेक वेळा ते फार मोठं कुणी नसतं. परीक्षेला बसू द्या म्हणून फडापर्यंत चालत आलेले एखादे गुरुजी असतात.

मार्च संपत आला की उसाचे फड रिकामे दिसू लागतात. एके दिवशी पट्टा पडतो आणि दोन दिवसांत तळ मोकळा होतो, राहतात ती चुलीची काळी दगडं. त्याच्या आधीच्या आठवड्यात दोन कामं करा. इथल्या शाळेत मूल किती दिवस आलं, काय शिकलं याची नोंद मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या, भिजणार नाही अशी. दुसरं, वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तुमचा नंबर लिहा, त्यांचाही घ्या. टोळी पुढच्या वर्षी याच कारखान्यावर येईल याची खात्री नसते, मुकादम बदलला की तळ बदलतो.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात. पहिल्या आठवड्यात फोन लावा. रेंज नसेल तर परत लावा. पटावर नाव आहे का, कुठल्या वर्गात बसवलंय आणि बाई कोण आहेत, एवढं विचारा. मग धाकट्याचंही विचारा.